चहाचे दोन कप आणि तिसरा हात

रात्री दीड वाजता पुस्तक भिंतीवर फेकून मारलं. शिवाजी पेठेतल्या मित्रानं दिलेलं. "वाच भावा, तुझ्यासाठीच लिवलंय बघ." तिथंच सावध व्हायला पाहिजे होतं. कुठल्या कथेत कुबडी दिसली की लोक ती माझ्याच हातात आणून कोंबतात.

पान ८४. नायकाच्या दोन्ही काखांत कुबड्या, नायिका पावसात भिजून आलेली. तर हा गडी स्वयंपाकघरातून चालत येतो, दोन्ही हातांत वाफाळत्या चहाचे कप घेऊन. अरे, मग कुबड्या कोण धरतंय, नायिकेचा बाप? चाळीस वर्षं कुबड्या वापरतोय मी. चहा या खोलीतून त्या खोलीत न्यायचा तर थर्मासात भरायचा, थर्मास गळ्यातल्या शबनममध्ये, रिकामे कप खिशात, मग निघायचं. त्यात फरशी ओली आणि कुबडीचं रबर झिजलेलं असलं तर जोतिबाच्या नावानं चांगभलं. लेखकानं एकदा, एकदाच, काखांत दोन झाडू धरून कप उचलून बघायचा होता.

बरं, पोलिओचा पाय म्हणे बधिर, टाचणी टोचली तरी कळत नाही. पोलिओत ताकद जाते हो, संवेदना नाही! डास चावलेला मला तुमच्याइतकाच कळतो, फक्त पाय झटकता येत नाही. मेलेल्या चेतापेशी प्रेमानं उठून बसत नाहीत. तरी हा शेवटी कुबड्या टाकून जोतिबाचा डोंगर चढतोच. पंगुं लंघयते गिरिम्!

व्यासांपासून हेच चाललंय. अष्टावक्रानं भर दरबारात वाद जिंकला, तरी समंगा नदीत बुडी मारून सरळ झाल्याशिवाय त्याची सुटका नाही. कुब्जेला कृष्णानं सरळ केलं. मंथरा तशीच राहिली, कारण ती वाईट. म्हणजे चांगले असाल तर बरे व्हा, नाहीतर कारस्थानं करा. मला दोन्ही जमलं नाही. मी आपला लाईट बिल भरतो आणि मिसळ खातो.

ज्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी व्हीलचेअरवरच्या आयुष्याची 'चाकाची खुर्ची' ही आत्मकथा लिहिली, त्या गावाची गोष्ट रचताना या लेखकाला ते पुस्तक नुसतं चाळावंसंही वाटू नये?

असो. फेकलेलं पुस्तक पलंगाखाली गेलं. पायाला आधार म्हणून बांधायचा कॅलिपर काढून ठेवलेला, त्यामुळे पलंगावर पालथा पडून कुबडीनं दहा मिनिटं ओढत बसलो. का? तर शेवटचं प्रकरण राहिलं होतं आणि लग्न होतं का ते बघायचं होतं. झालं. रडलोसुद्धा.

तसं मला बोलायला तोंड नाही. कॉलेजात असताना मीही कथा लिहिली होती. नायक पोलिओचा, देखणा, वर बासरी वाजवणारा. शेवटी त्याला रंकाळ्यात बुडवला. पहिलं बक्षीस मिळालं. स्टेजला पायऱ्या होत्या, म्हणून खालीच आणून दिलं.