हिरवं पाणी म्हणे कुत्र्याला टॉनिक!

काल ताईचा भुसावळहून फोन, रविवारी बबड्याला मेहरूण तलावात पोहायला नेऊ का म्हणून. बबड्या तिचा पग, दोन पायऱ्या चढला तरी धापा टाकतो. अचानक हे कुठून सुचलं विचारलं तर तिने तोच फॉरवर्ड पाठवला जो माझ्याकडे आधीच तीन ग्रुपवर येऊन पडलाय. कुत्रा जन्मजात पोहतो, थेट पाण्यात टाका. हिरवं पाणी पिऊ द्या, त्यात स्पिरुलिना असतं. तलाव लांब असेल तर शेततळं चालतं. नाकातोंडात पाणी गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवा. खाली हात जोडलेले आणि 'श्वानप्रेमींपर्यंत पोचवा'.

जन्मजात पोहतो हे अर्धं खरं, मान्य. पाण्यात पडला की बहुतेक कुत्रे पाय मारतात. पण पाय मारणं वेगळं आणि नाक पाण्यावर ठेवणं वेगळं. पग, बुलडॉग यांचं तोंड चपटं, छाती जड, ते पुढून बुडतात. लाइफ जॅकेटशिवाय नाहीच, आणि टाकायचं तर अजिबात नाही, काठावरून त्याचं त्याला उतरू द्यायचं.

आता ते हिरवं टॉनिक. स्पिरुलिना हा निळ्या-हिरव्या शेवाळाचाच प्रकार आहे, तेवढं खरं, पण ते टाकीत मुद्दाम वाढवतात. तलावात वाऱ्याने काठाला ढकललेला, ऑइलपेंट सांडल्यासारखा जो थर दिसतो त्यात त्याची विषारी भावंडं असू शकतात, आणि नुसतं बघून कोणतं कोण ते मला काय, डॉक्टरलाही कळत नाही. मर्कचं पशुवैद्यकीय मॅन्युअल आहे, जगभरचे जनावरांचे डॉक्टर वापरतात, त्यात स्पष्ट आहे की या विषावर ठरावीक उतारा नाही. काही विषं लिव्हर खलास करतात, काही नसांवर जातात आणि काही तासांत खेळ संपतो. २०२० मधे बोत्सवानात तीनशेच्या वर हत्ती मेले, तिथल्या सरकारने कारण हेच सांगितलं. हत्ती भो, हत्ती! आणि कुत्रा पाणी नाही प्यायला तरी बाहेर येऊन अंग चाटतोच. म्हणून हिरवा थर दिसला की गाडी वळवायची, चुकून उतरलाच तर चाटायच्या आधी साध्या पाण्याने धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा.

शेततळ्याचं ज्याने लिहिलं त्याने शेततळं बघितलेलं नाही. यावलकडे मित्राच्या केळीतल्या शेततळ्यात त्याचा राखणीचा कुत्रा पडला होता. खाली गुळगुळीत प्लास्टिकचा कागद, उतार तिरपा, बिचारा चारी पायांनी चढतो आणि घसरतो, नखांचा कर्रकर्र आवाज अजून कानात आहे. पोहता येत होतं त्याला, चढता येत नव्हतं. जुनी ट्यूब दोराला बांधून टाकली तेव्हा त्यावर पुढचे पाय टाकून निघाला. आता तिथे गाठी मारलेला दोर कायमचा सोडलाय.

मिठाचं पाणी तर पाजूच नका, मिठाचीच विषबाधा होते आणि उलटी फुप्फुसात गेली तर आणखी घोटाळा.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांध्यांना पोहणं चांगलं असं फॉरवर्डच्या शेवटी लिहिलंय, ते बरोबर आहे. पण बबड्या तीन वर्षांचा आहे आणि त्याला सांधेदुखी नाही, चरबी आहे. ताईला सांगितलं, अंगणात सावलीला धुण्याचा टब ठेव, त्याच्या गुडघ्याएवढं पाणी भर. तिचा रिप्लाय आला, टबात मावत नाही तो.