चाचणीत पहिला म्हणजे उमेदवारी पक्की? आकडे तसं सांगत नाहीत

अमेरिकेच्या २०२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार कोण, याच्या जनमत चाचण्या केव्हाच सुरू झाल्या. कमला हॅरिस, गॅव्हिन न्यूसम, पीट बुटिजेज ही नावं त्यांत वर दिसतात. सोबत एक दावा हातोहात फिरतो: "चाचणीत जो पहिला, तोच उमेदवार होतो, इतिहास साक्षीला आहे. आकडा म्हणजे पक्का पाठिंबा. चूक झाली तर तीन टक्क्यांची. मागे पडलेल्यांनी उगाच पैसा आणि वेळ घालवू नये." हा दावा चुकीचा आहे, आणि त्यातलं शेवटचं वाक्य तर घातक आहे.

आधी इतिहास. १९९६ चे बॉब डोल, २००० चे बुश आणि गोर, २०२४ चे ट्रम्प हे मतदानाच्या बरेच आधीपासून पुढे होते आणि तेच उमेदवार झाले, हे खरं. पण २००७ साल घ्या. रिपब्लिकन पक्षाच्या देशव्यापी चाचण्यांत जवळजवळ वर्षभर रुडी ज्युलियानी पहिले होते. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कचे महापौर म्हणून घराघरात पोचलेलं नाव. गर्भपातासारख्या प्रश्नावर मात्र त्यांची भूमिका पक्षातल्या कट्टर मतदारांना पटणारी नव्हती. जानेवारी २००८ मध्ये फ्लोरिडाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्यात होणाऱ्या मतदानात, ते तिसरे आले आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडले. एकही राज्य जिंकलं नाही. उमेदवारी मिळाली जॉन मॅकेन यांना, ज्यांच्या मोहिमेची तिजोरी २००७ च्या उन्हाळ्यात रिकामी होत आली होती.

त्याच मोसमात दुसऱ्या पक्षात काय चाललं होतं? गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या ऑक्टोबर २००७ च्या चाचणीत हिलरी क्लिंटन ५० टक्के, ओबामा २१. तीन महिनेही झाले नाहीत तोच सर्वांत आधी मत देणाऱ्या आयोवा राज्यात ओबामा सुमारे ३८ टक्क्यांनी जिंकले आणि क्लिंटन तिसरे इच्छुक जॉन एडवर्ड्स यांच्याही किंचित मागे, तिसऱ्या क्रमांकावर गेल्या. याच पक्षात १९७२ मध्ये आघाडीवर मानले गेलेले एडमंड मस्की होते, उमेदवार झाले मॅकगव्हर्न.

आता "पक्का पाठिंबा". या चाचणीत नावांची यादी वाचून दाखवतात आणि विचारतात, आज मतदान असतं तर कुणाला मत दिलं असतं? ज्याचं नावच ऐकलेलं नाही त्याला पसंती कोण देणार? म्हणून सुरुवातीचा आकडा बराचसा ओळखीचा असतो. उमेदवाराला ओळखणाऱ्यांपैकी किती जणांना तो आवडतो आणि त्यांची दुसरी पसंती कोण, हे दोन प्रश्न मला पहिल्या क्रमांकाइतकेच मोलाचे वाटतात, पण बातमीत ते सहसा येत नाहीत. बायडन यांचं उदाहरण दाव्याच्या बाजूने दिलं जातं, कारण २०१९ मध्ये ते पुढे होते. पण आयोवात ते चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आल्यावर देशव्यापी चाचण्यांतही प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स त्यांच्या पुढे गेले. २९ फेब्रुवारी २०२० ला बायडन यांनी साउथ कॅरोलायना जिंकलं, बुटिजेज आणि एमी क्लोबुशार या दोन प्रतिस्पर्ध्यांनी माघार घेतली, आणि ३ मार्चला १४ पैकी १० राज्यं बायडन यांच्याकडे आली. पाठिंबा पक्का असता तर एवढी उलथापालथ झाली नसती.

तीन टक्क्यांचा मुद्दा साध्या हिशेबाने सुटतो. एकूण हजार लोकांना विचारलं तर चूक साधारण तीन टक्के इकडे-तिकडे. पण त्यांत डेमोक्रॅटिक प्रायमरीचे मतदार समजा ४०० निघाले, तर ती पाचाच्या जवळ जाते. पहिल्याला २५ टक्के म्हणजे १०० माणसं, दुसऱ्याला २० टक्के म्हणजे ८०. मथळ्यातली आघाडी अवघ्या वीस माणसांची! आणि दोघांतल्या फरकाला लागू होणारी चूक याहून मोठी, इथे सहा-सात टक्के. त्या चाचणीवरून पहिला कोण हे ठामपणे सांगता येत नाही.

शिवाय देशभर एकाच दिवशी प्रायमरी होतच नाही. राज्यं एकामागून एक मत देतात, आधीचा निकाल पाहून पुढचे मतदार मन बदलतात. डेमोक्रॅटिक पक्षात १५ टक्क्यांच्या खाली राहिलं तर सहसा डेलिगेटच, म्हणजे पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधीच, मिळत नाहीत.

राहिलं "मागच्यांनी वेळ घालवू नये". मला याचाच सर्वांत जास्त राग येतो, कारण पक्षानेच तसे नियम केले. जानेवारी २०२० च्या इच्छुक उमेदवारांच्या वादविवादात उभं राहण्यासाठी सव्वादोन लाख देणगीदार तर हवेच होते, शिवाय चार चाचण्यांत ५ टक्के किंवा सुरुवातीच्या राज्यांतल्या दोन चाचण्यांत ७ टक्के. इच्छुकांपैकी एक, कोरी बुकर यांना ते जमलं नाही. मंच नाही म्हणून देणग्या आटल्या, आणि १३ जानेवारीला, आयोवात एकही मत पडायच्या आधी, त्यांनी माघार घेतली. १९७६ मध्ये असाच उंबरठा असता तर जॉर्जियाबाहेर फारसे कुणाला ठाऊक नसलेले जिमी कार्टर त्या मंचावर पोचले असते का, याचं उत्तर हा दावा पुढे ढकलणाऱ्यांनी द्यावं.