वळिवडे आठवतं, मग पुरंदर का नाही?

आमच्या शाळेच्या ग्रुपवर परत तोच वाद, निर्वासितांना देशात घ्यायचं का नाही. एकजण म्हणाला अजिबात नको, लगेच दुसऱ्याने वळिवडे कॅम्पचा फॉरवर्ड टाकला की १९४३ ते ४८ कोल्हापूरजवळ पाचेक हजार पोलिश लोकांना आपण सांभाळलं, झालं, वाद संपला. मी लंडनला राहते, इथेही हेच चालतं, फक्त इथल्यांचं वळिवडे म्हणजे किंडरट्रान्सपोर्ट.

डिसेंबर १९३८ पासून युद्धाच्या तोंडापर्यंत जवळपास १०,००० मुलं, बहुतेक ज्यू, हिटलरच्या तावडीतून ब्रिटनला आली. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवर २००३ मध्ये त्याचं स्मारक केलं तेव्हा तिथे काचेची एक मोठी सुटकेस होती आणि आत त्या मुलांनी खरोखर आणलेल्या वस्तू (नंतर खराब व्हायला लागल्या म्हणून म्युझियममध्ये हलवल्या). मुलांना सोबत फक्त छोटी बॅग आणि १० मार्क न्यायची परवानगी, मौल्यवान काही नाही, म्हणून मग टेडी, बाहुली, घरचा फोटो असलंच मागे राहिलंय. मला त्या वस्तू बघवत नाहीत कारण ती बॅग ज्या आईने भरली तिला व्हिसा नव्हता. मुलं एकटीच येणार, वय सतराच्या आत, आणि पुढे त्यांना दुसरीकडे पाठवायच्या खर्चासाठी प्रत्येकामागे ५० पौंडांची हमी. कित्येकांना आईवडील परत दिसलेच नाहीत. इथल्या भाषणांत १०,००० चा आकडा येतो, त्या आईबापांचा येत नाही.

आणि आपलं काय? त्याच काळात हिटलरपासून पळून मुंबईला आलेले जर्मन ज्यू होते, युद्ध सुरू झाल्यावर त्यातल्या अनेकांना शत्रू देशाचे नागरिक म्हणून पकडलं, काही कुटुंबांना तर पुरंदरवर ठेवलं. ज्यांच्यापासून जीव वाचवून आले त्यांच्याच देशाचे म्हणून डांबले गेले. आता कोणी म्हणेल तो निर्णय इंग्रजांचा, बरोबर आहे, पण वळिवड्याला इंग्रज सरकारची मंजुरी होतीच की, तिथे मात्र आपण "आपण सांभाळलं" म्हणतो.

किती लोकांना घ्यायचं, कुठे ठेवायचं, खर्च कोण करणार यावर जरूर भांडा, ते भांडण खरं आहे. पण ८० वर्षांपूर्वीच्या चांगुलपणाचा फॉरवर्ड हे त्याचं उत्तर नाही, आणि टाकायचाच असेल तर त्यात पुरंदरही लिहा.