दोन ताऱ्यांच्या परीक्षणाला उत्तर: स्कॅनमध्ये गायब होणारं स्टेशन

नमस्कार.

आमच्या रेडिओबद्दल तुमच्या तीन तक्रारी आहेत. मीडियम वेव्हवर ऑटो-स्कॅनला 36 सेकंद लागतात. जोरदार स्टेशनच्या जरा पुढे असलेलं एक कमजोर स्टेशन स्कॅनला सापडतच नाही, हाताने लावलं तर मात्र स्वच्छ लागतं. आणि आमच्याकडे फोन केला तर ‘अँटेना नीट लावा, संच खिडकीपाशी ठेवा’ असं सांगून तुमची बोळवण झाली. तिन्ही खऱ्या आहेत. शेवटच्या तक्रारीबद्दल आधी माफी मागतो. ते उत्तर चूक होतं, आणि ते चूक का हे तुम्हीच लिहून ठेवलं होतं.

तुम्ही जाता जाता म्हटलंय, ‘गंमत म्हणजे वरून खाली स्कॅन केलं की हेच स्टेशन सापडतं.’ अँटेना कमी पडत असती तर दिशेने काय फरक पडला असता? ही ओळ वाचली आणि त्याच संध्याकाळी पहिल्या बॅचचा एक संच उघडून बसलो.

दोष एजीसीत, म्हणजे गेन (सिग्नल किती पट मोठा करायचा ते) आपोआप सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये आहे. व्हॉल्यूमच्या बटणावर ठेवलेला एक अदृश्य हात समजा. जोरदार सिग्नल आला की तो गेन झटकन कमी करतो, सिग्नल मंदावला की सावकाश वाढवतो. हा सावकाशपणा मुद्दाम ठेवलेला असतो. मीडियम वेव्हवर आवाज सिग्नलच्या उंचीतच गुंफलेला असतो. 50 हर्ट्झच्या खर्जाच्या एका आवर्तनाला 20 मिलिसेकंद लागतात. एजीसी तेवढ्याच वेगाने हलू लागला तर तो खर्जालाच सिग्नलची चढउतार समजून सपाट करतो, आणि बोलण्यातल्या प्रत्येक विरामात खरखर उसळते. म्हणून आम्ही 100 किलोओहमचा रेझिस्टर आणि 4.7 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. कपॅसिटरमध्ये जितका चार्ज, तितका गेन दाबलेला, आणि तो चार्ज किती सावकाश उतरतो हे दोघांच्या गुणाकारावर ठरतं: इथे 0.47 सेकंद. ऐकायला हे उत्तम आहे, आणि त्याबद्दल तुमचीही तक्रार नाही.

स्कॅन करताना मात्र तोच कपॅसिटर आडवा येतो. एजीसीच्या लाइनवर ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं उपकरण) लावला तर सगळं उघड्यावर येतं: जोरदार स्टेशनवर व्होल्टेज भिंतीसारखं उभं चढतं, आणि पुढे घसरगुंडीसारखं रेंगाळत उतरतं. आमचा स्कॅन दर चॅनेलवर 300 मिलिसेकंद थांबून मग सिग्नल मोजतो. म्हणजे पहिल्या मोजणीला निम्म्याहून जास्त चार्ज कपॅसिटरमध्ये तसाच, दुसऱ्या मोजणीलाही 28 टक्के शिल्लक. तुमचं स्टेशन जोरदार स्टेशनच्या नेमकं दोन चॅनेलं पुढे, 18 किलोहर्ट्झच्या अंतरावर आहे. जोरदार स्टेशनने गेन 60 डेसिबलने दाबला असेल, तर तुमच्या स्टेशनपाशी पोचल्यावरही ढोबळमानाने 17 डेसिबल दाब उरतो आणि सिग्नल सातपट लहान दिसतो. संच त्याला रिकामं चॅनेल समजून पुढे निघून जातो. वरून खाली येताना हे स्टेशन आधी लागतं, जोरदार नंतर, म्हणून सापडतं. एवढी साधी चाचणी आमच्या टेबलावर कधीच झाली नाही. आम्ही प्रत्येक वेळी खालून वरच स्कॅन करत होतो.

‘फक्त सॉफ्टवेअर बदला’ ही तुमची सूचना इथे लागू पडत नाही. कपॅसिटर पुरता रिकामा व्हायला दर चॅनेलवर दोन सेकंद द्यायचे, तर 531 ते 1602 किलोहर्ट्झमधली 9 किलोहर्ट्झच्या अंतरावरची 120 चॅनेलं तपासायला चार मिनिटं जातील. एफएमचं स्कॅन झटपट होतं, तिथे तर चॅनेलं याहून जास्त आहेत, मग मीडियम वेव्हलाच काय झालं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. एफएममध्ये आवाज फ्रिक्वेन्सीच्या बदलात असतो, उंची छाटली तरी बिघडत नाही, त्यामुळे मंद एजीसीची गरजच नसते. हॅरॉल्ड व्हीलर यांनी 1925 साली स्वयंचलित व्हॉल्यूम नियंत्रण आणलं तेव्हा काटा हाताने फिरवत. हातच सावकाश, म्हणून एजीसी सावकाश असलं तरी कुणाचं अडत नव्हतं. आम्ही काटा मायक्रोकंट्रोलरच्या हाती दिला आणि एजीसी जुन्याच चालीचं ठेवलं.

दुसऱ्या बॅचपासून त्या लाइनवर एक छोटा ट्रान्झिस्टर आहे. स्कॅन चालू असताना दर उडीला तो कपॅसिटर क्षणात रिकामा करतो, त्यामुळे दर चॅनेलला 50 मिलिसेकंद पुरतात. गेन पूर्ण उघडा राहिल्याने रिकाम्या चॅनेलवर खरखर वाढते, म्हणून स्कॅनभर आवाज बंद असतो. खरखरीलाच स्टेशन समजण्याचा धोका असतो. जिथे काही लागल्यासारखं वाटेल तिथे संच आणखी 200 मिलिसेकंद थांबून खात्री करतो. पंधराएक स्टेशनं लागली तर सगळं मिळून नऊ सेकंद.

एक गोष्ट मात्र यानेही सुटणार नाही. जोरदार स्टेशनला अगदी चिकटून, 9 किलोहर्ट्झच्या अंतरावर कमजोर स्टेशन असेल तर ते बहुधा चुकेलच, कारण ती मर्यादा शेजारची स्टेशनं गाळणाऱ्या फिल्टरची आहे. तुमचं स्टेशन त्यात बसत नाही.

तुमचा संच पहिल्या बॅचचा आहे. पाठवलात तर ट्रान्झिस्टर बसवून, नवीन प्रोग्रॅम घालून परत देऊ. दुरुस्तीचा आणि दोन्ही वेळच्या पाठवणीचा खर्च आमचा. पहिल्या बॅचच्या इतर मालकांनाही हेच लागू. पाठवताना बॅटऱ्या काढून घ्या, आणि साठवलेली स्टेशनं आधी कागदावर उतरवून ठेवा. नवीन प्रोग्रॅम घालताना मेमरी पुसली जाते.