‘इंग्रजी स्पेलिंगला नियमच नसतात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास उगवतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच. इंग्रजी स्पेलिंगला नियम नसतात. बीयूटी ‘बट’, मग पीयूटी ‘पुट’ का, याचं उत्तर इंग्रजांकडेही नाही. ‘घोटी’ (जीएचओटीआय) हे ‘फिश’चं स्पेलिंग होऊ शकतं. निम्मी अक्षरं सायलेंट. आपली मराठी बघा, बोलतो तशी लिहितो. तेव्हा नियमांच्या नादी लागू नका, मुलाकडून रोज दहा स्पेलिंगं पाठ करून घ्या.

हसायला हरकत नाही. पण शेवटच्या सल्ल्यावर घरोघरी अंमल होतो आणि रोज संध्याकाळी रडारड होते, म्हणून हे मुद्दे एकेक करून बघायला हवेत.

आधी बट आणि पुट. ‘पुट’ एकटं पडलेलं नाही. पुश, पुल, पुडिंग, बुल, बुश, बुचर, फुल हे सगळे त्याचे भाऊबंद. सुरुवातीचं अक्षर बघा: पी, बी किंवा एफ, म्हणजे ओठांनी काढायचे आवाज. सतराव्या शतकाच्या सुमारास दक्षिण इंग्लंडच्या बोलण्यात यूचा ऱ्हस्व ‘उ’ बहुतेक शब्दांत ‘अ’कडे सरकला, पण ओठांच्या या व्यंजनांनंतर बऱ्याच शब्दांत तो जागेवरच राहिला. सगळ्या नाही, बट, बड, पल्प सरकलेच. उत्तर इंग्लंडात अनेकांच्या तोंडी ‘कप’ आजही ‘कुप’च्या जवळ जातो. तेव्हा नियम पोलादी नाही, पण मुलाला सांगण्याजोगं काहीतरी आहे: यू दिसला की ‘अ’ म्हण, आणि आधी पी, बी, एफ असेल तर ‘उ’ही म्हणून बघ, कुठला शब्द ओळखीचा लागतो ते. टीओ ‘टू’, डीओ ‘डू’, मग जीओ ‘गू’ का नाही, हा हिंदी सिनेमाने घराघरांत नेलेला विनोद तर याहून साधा आहे. गो, नो, सो नियमातले. टू, डू, हू अपवाद. अपवाद आधी सांगितले की नियम वेडा वाटणारच.

घोटीची गंमत जुनी आहे. ती नाटककार बर्नार्ड शॉच्या नावावर खपवली जाते, पण शॉ जन्मायच्या आधी, १८५५ साली, चार्ल्स ऑलियर या लंडनच्या प्रकाशकाने लेखक ली हंट यांना लिहिलेल्या पत्रात ती सापडते. जीएच ‘लाफ’मधला, ओ ‘विमेन’मधला, टीआय ‘नेशन’मधला. आता नीट बघा. जीएचचा ‘फ’ शब्दाच्या सुरुवातीला कधीच होत नाही. तिथे तो ‘घोस्ट’मधल्यासारखा ‘ग’ असतो. ओचा ‘इ’ विमेनपुरताच. टीआयचा ‘श’ व्हायला पुढे स्वर लागतो, शब्दाच्या शेवटी तो होत नाही. म्हणजे हे कोडं नियम नसल्याचा पुरावा नाही, तीन नियम मोडल्याशिवाय ते जमतच नाही. इंग्रजी वाचणारा कोणीही ते ‘गोटी’ वाचेल. इगतपुरीजवळच्या घोटी गावचा माणूस घोटीच वाचेल, तो भाग वेगळा.

मेसेज लिहिणाऱ्याची चूक इथेच आहे. तो एका अक्षराला एक आवाज शोधतो, आणि इंग्रजीत आवाज ठरतो तो अक्षराच्या जागेवरून आणि शेजाऱ्यांवरून.

सायलेंट अक्षरांचंही तसंच. ‘साइन’मधला जी ‘सिग्नेचर’मध्ये बोलतो, ‘बॉम्ब’मधला दुसरा बी ‘बॉम्बार्ड’मध्ये. ‘नाइफ’मधला के पूर्वी खरोखर उच्चारला जायचा, इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली आणि बोलणं पुढे निघून गेलं. शेवटचा मुका ई तर सगळ्यांत कामसू: कॅपचा केप, किटचा काइट, हॉपचा होप तोच करतो. मग हॅव, गिव्ह, लव्ह? तिथे ई वेगळ्या कामावर आहे, कारण इंग्रजी शब्द सहसा व्हीवर संपवत नाहीत. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला बी मात्र लॅटिनच्या प्रेमापोटी पंडितांनी घुसडला. त्याची वकिली मी करणार नाही.

आता ‘मराठी बोलतो तशी लिहितो’. देवनागरी वाचायला इंग्रजीपेक्षा कितीतरी सोपी, यात वाद नाही. पण ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च एकच लिहितो आणि वेगळा उच्चारतो. सिंह लिहितो, सिंव्ह म्हणतो. ‘फूल’चं ‘फुलाला’ होतं, पण ‘शरीर’चं ‘शरीराला’च राहतं, कारण तो तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. एवढं सरळ असतं तर साहित्य महामंडळाला लेखनाचे नियम करावे लागले नसते. १९६२ मध्ये चौदा, १९७२ मध्ये आणखी चार.

उलट मराठी अक्षरांची सवय इंग्रजी शिकवताना एका ठिकाणी आड येते. आपल्या ‘ब’मध्ये ‘अ’ मुरलेला असतो. ‘बॅट’साठी ‘ब-ॲ-ट’ असं जोडायला सांगितलं की मूल ‘बॲट’सारखं काहीतरी म्हणतं आणि गोंधळतं. पाय मोडलेला ब् म्हणा, ट् म्हणा, आवाज चिकटतात. हे एवढं घरी केलं तरी अर्धी झुंज संपते.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी: शिकवले जाणारे सगळेच नियम चांगले नाहीत. ‘दोन स्वर फिरायला निघाले की पहिला बोलतो’, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांतल्या पहिल्याचाच आवाज येतो, हा नियम कित्येक क्लासांत गाण्यासारखा म्हणवून घेतात. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ थिओडोर क्लायमर यांनी १९६३ मध्ये प्राथमिक वाचनपुस्तकांतल्या शब्दांवर तो तपासला, तर जेमतेम ४५ टक्के शब्दांना लागू पडला. असला नियम बिनधास्त फेकून द्या.

पण म्हणून सगळंच पाठ? स्टॅनफर्डचे पॉल हॅना आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये सतरा हजारांवर शब्दांचं स्पेलिंग केवळ उच्चाराच्या नियमांवरून संगणकाकडून करवून घेतलं. सुमारे निम्मे अचूक आले, आणखी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक शब्दांत एकच चूक. बेशिस्त भाषेत हे घडत नाही.

दहा शब्द द्यायचेच तर जोडीने द्या. बॅक, नेक, सिक, लॉक, डक एका बाजूला. मिल्क, डेस्क, बुक, पार्क दुसऱ्या. सीके कुठे आणि नुसता के कुठे, ते मुलालाच शोधू द्या. केच्या लगेच आधी एकटाच छोटा स्वर असेल तर सीके, हे बहुतेक मुलांना सापडतं. ‘मिल्क’मध्ये मध्ये एल आला, ‘बुक’मध्ये दोन ओ आहेत. मग त्याच धाग्यावर कॅच, फेच, किचन यांतला टीसीएच घ्या. रिच, मच, सच आणि ‘कोणता’ या अर्थाचा विच हे चौघे टी न घेता बसतात, त्यांची रांग पाठ करून घ्या. सेड, वॉज, वन, पीपल यांनाही घोकंपट्टीला पर्याय नाही. ती यादी फ्रिजवर लावा, आणि नियमात बसणारा शब्द तिच्यात घुसू देऊ नका.