किल्ली सुरक्षित झाली, लष्कराचं जाळं नव्हे

जून २०२५ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी फायबरशिवाय, हवेतून, एक किलोमीटरहून जास्त अंतरावर क्वांटम किल्ली, म्हणजे संदेश कुलूपबंद करणारा, प्रकाशकणांवरून पाठवलेला गुप्त आकडा, पोचवून दाखवली. तेव्हापासून ‘आपल्या लष्कराचा संवाद आता कोणीच हॅक करू शकणार नाही’ असा मजकूर फिरतो आहे. प्रयोग अस्सल आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. दावा मात्र चुकीचा आहे, आणि संरक्षणात खोटी निर्धास्ती फार महागात पडते.

‘संदेशच क्वांटम झाले.’ नाही. या पद्धतीने जाते ती फक्त किल्ली. संदेश नेहमीच्याच वाटेने जातो. दिल्लीच्या प्रयोगात किल्लीचा वेग सेकंदाला सुमारे २४० बिट होता. लष्करी रेडिओवर दाबून दाबून बारीक केलेलं बोलणंही अनेकदा सेकंदाला २,४०० बिट घेतं. प्रत्येक बिटाला किल्लीचा नवा बिट द्यायचा म्हटलं, तर एका सेकंदाच्या बोलण्यासाठी दहा सेकंद किल्ली साठवत बसावं लागेल. म्हणून व्यवहारात २५६ बिटांची किल्ली एईएस या नेहमीच्या गणिती कुलपाच्या हाती दिली जाते, आणि भरवसा पुन्हा गणितावरच येतो.

‘निसर्गाचा नियमच राखण करतो.’ नियम खराच आहे: मध्येच कोणी फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, मोजला की चुका वाढतात आणि चोरी उघडी पडते. पण यंत्र माणसानं बनवलेलं असतं. २०१० मध्ये शास्त्रज्ञ वादिम माकारोव आणि सहकाऱ्यांनी बाजारात मिळणाऱ्या अशा दोन यंत्रांचे फोटॉन टिपणारे डिटेक्टर प्रखर प्रकाशानं आंधळे केले आणि पकडलं न जाता किल्ली कशी काढता येईल ते दाखवलं.

‘देशभर जाळं पसरेल.’ खरी मेख इथे आहे. चांगल्या फायबरमधूनही १०० किलोमीटरवर शंभरातला एक फोटॉन पोचतो, २०० किलोमीटरवर दहा हजारांतला एक. क्वांटम अवस्थेची नक्कल काढता येत नाही, त्यामुळे वाटेत अॅम्प्लिफायर बसवून भागत नाही. चीननं बीजिंग-शांघाय ही सुमारे २,००० किलोमीटरची वाट ३२ ठाण्यांवर उभारली. अशा प्रत्येक मधल्या ठाण्यात किल्ली उघडी होते. तिथला एक माणूस फितूर झाला, तर फोटॉन काय करणार?

‘कोणी डोकावलं की लगेच कळतं.’ कळतं, आणि ती किल्ली टाकून द्यावी लागते. म्हणजे शत्रूला वाचायचं नसेल, नुसता संपर्क तोडायचा असेल, तर त्यानं सतत डोकावत राहणं पुरे. अमेरिकेची एनएसए ही गुप्तचर संस्था आपल्या राष्ट्रीय सुरक्षेच्या जाळ्यांसाठी ही पद्धत सुचवत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे. तिचा कल क्वांटम संगणकापुढे टिकणाऱ्या कुलपांच्या नव्या गणिताकडे आहे. त्याची पहिली तीन मानकं ऑगस्ट २०२४ मध्ये आली.

दोन मुख्यालयांमधल्या ठरलेल्या फायबरवर ही किल्ली जादा कवच म्हणून जरूर वापरावी. २०२२ मध्ये प्रयागराज ते विंध्याचल १०० किलोमीटरहून लांब फायबरवर ती चाललीही. पण डोंगरातल्या चौकीवर जवानाच्या पाठीवर जो रेडिओ असतो, त्याला नवं गणितच लागेल.