लिव्हिंग ट्रस्टच्या नावावरचे उत्पन्न विवरणपत्रात कोणी दाखवायचे?

‘शेअर आणि ठेवी लिव्हिंग ट्रस्टच्या नावे करा, मग उत्पन्न ट्रस्टचे होते, ते स्वतःच्या विवरणपत्रात दाखवावे लागत नाही आणि पैसे ट्रस्टमध्येच राहिले तर करही लागत नाही,’ असा सल्ला अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत हातोहात पुढे जातो. त्यातील तिन्ही विधाने चुकीची आहेत.

लिव्हिंग ट्रस्ट म्हणजे एखाद्याने (ट्रस्टकर्त्याने) हयातीतच केलेला आणि सहसा हवा तेव्हा मोडता येणारा ट्रस्ट. मालमत्ता त्याच्या नावावर चढते हे खरे. पण जो ट्रस्ट ट्रस्टकर्त्याला हवा तेव्हा मोडता येतो, त्याचे उत्पन्न अमेरिकी करकायद्याच्या कलम ६७१ व ६७६ नुसार ट्रस्टकर्त्याचेच मानले जाते. हे काही नवे नाही. कॉर्लिस विरुद्ध बॉवर्स या खटल्यात पतीने केलेल्या ट्रस्टचे उत्पन्न प्रत्यक्षात पत्नीला मिळत होते, तरीही ट्रस्ट मोडण्याचा अधिकार पतीने हाती राखला होता म्हणून कर त्याच्यावरच बसतो, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९३० मध्ये दिला. मग पैसे ट्रस्टमध्येच पडून राहिले म्हणून कर कसा टळेल? (भारताच्या आयकर कायद्याचे तत्त्वही हेच आहे, तेव्हा आपल्याला तरी याचे नवल वाटू नये.)

विवरणपत्राविषयीच्या विधानामागे मात्र एक अर्धसत्य आहे. विश्वस्ताने बँकेला व ब्रोकरला ट्रस्टकर्त्याचे नाव आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक दिला, की १०९९ (व्याज, लाभांश वगैरे उत्पन्न कळवणारे फॉर्म) थेट ट्रस्टकर्त्याच्या नावे निघतात आणि ट्रस्टला फॉर्म १०४१, म्हणजे ट्रस्टचे विवरणपत्र, भरावाच लागत नाही. सुटतो तो हा वेगळा फॉर्म. ट्रस्टकर्त्याचा १०४०, म्हणजे त्याचे वैयक्तिक विवरणपत्र, नव्हे. घोटाळा होतो तो ट्रस्टसाठी निराळा ईआयएन (ट्रस्टचा स्वतःचा करक्रमांक) घेतल्यावर. १०९९ त्या क्रमांकावर येतात आणि लोक १०४१ मध्येच कर भरून मोकळे होतात. वास्तविक अशा १०४१ मध्ये उत्पन्नाचे आकडे भरायचे नसतात. उत्पन्न कोणाचे व किती, हे सांगणारे पत्रक त्याला जोडायचे आणि व्याज, लाभांश व शेअरविक्रीचा नफा-तोटा ट्रस्टकर्त्याच्या १०४० मध्ये दाखवायचा असतो. ही चूक महागातही पडते: व्याजासारख्या उत्पन्नावर ३७ टक्क्यांचा दर २०२५ साली अविवाहित व्यक्तीला ६,२६,३५० डॉलरनंतर लागू होत होता, तर स्वतंत्र करदाता मानल्या गेलेल्या ट्रस्टला अवघ्या १५,६५० डॉलरनंतर.

एकट्याने केलेल्या ट्रस्टच्या बाबतीत ट्रस्टकर्त्याच्या मृत्यूनंतर चित्र पालटते. मृत्यूच्या दिवसापर्यंतचे उत्पन्न त्याच्या शेवटच्या १०४० मध्ये जाते. त्यानंतर ट्रस्टला स्वतःचा ईआयएन घेऊन पुढील उत्पन्न १०४१ मध्ये दाखवावे लागते.